सभासद भगिनींना सूचना: अत्याचारानंतरची मोफत कायदेशीर मदत

वकील परवडत नाही म्हणून तक्रारच केली नाही, असे आपल्या विडी कामगार भगिनींकडून अधूनमधून ऐकू येते. म्हणून कळविण्यात येते की, लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो (दूरध्वनी १५१००).

गुन्हा अक्कलकोटला घडला असला तरी सोलापुरातील पोलीस ठाण्यात तो शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द न पाहता) नोंदवून घ्यावाच लागतो व त्याची प्रत विनामूल्य द्यावी लागते. ‘आमची हद्द नाही’ एवढ्यावर परतू नये. अंगावरचे कपडे पुराव्यासाठी न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकच्या नव्हे. उपचार खासगी रुग्णालयातही मोफत मिळतात. राज्य शासनाच्या, अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतील अर्थसाहाय्याबाबत प्राधिकरणातच विचारावे. पीडितेचे नाव मात्र गटात कोणीही लिहू नये. ते उघड करणे हाही गुन्हाच आहे.