कॅप्टन टॉम आणि पुणं

संपादक महोदय,

२ फेब्रुवारी आली की मला कॅप्टन टॉम मूर आठवतात, २०२१ ला याच दिवशी कोविडने गेले ते. आपल्याकडे लोकांना एवढंच माहिती की इंग्लंडचा एक आजोबा लॉकडाऊनमध्ये वॉकर घेऊन घराच्या आवारात फेऱ्या मारत होता. पण हा माणूस दुसऱ्या महायुद्धात बोटीने भारतात आला, मग पुण्यात, आणि सैन्यातल्या मोटरसायकलवाल्यांना ट्रेनिंग द्यायचं काम त्याच्याकडे होतं, मुंबई ते कलकत्ता रस्त्याने गेले तेही भर पावसाळ्यात, आणि पुढे ब्रह्मदेशात आराकानच्या आघाडीवर. हे आपल्या पुण्यात कितीजणांना ठाऊक असेल?

युद्धानंतर धंद्यात पडले, काँक्रीटच्या कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर झाले. २०१८ ला पडून कंबरेचं हाड मोडलं, त्यात दवाखान्याने जी काळजी घेतली त्याची परतफेड म्हणून शंभरीच्या आधी २५ मीटरच्या १०० फेऱ्या मारायच्या ठरवल्या, देणग्यांचं टार्गेट फक्त १००० पौंड! जमले सव्वातीन कोटी पौंडांहून जास्त. राणीने स्वतः विंडसरला नाइटहूड दिला.

नंतर त्यांच्या नावाने घरच्यांनी काढलेल्या फाउंडेशनवर तिथल्या धर्मादाय संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनने २०२४ मध्ये कडक ताशेरे ओढले हे खरंय, पण फेऱ्यांचा पैसा वेगळा, तो सरकारी आरोग्यसेवेच्या मदतसंस्थांना गेला. म्हाताऱ्याचा त्यात काय दोष? पुण्यात कुठेतरी त्यांची एक साधी पाटी लागायला काय हरकत आहे.

आपला एक वाचक, पुणे