मशीहाचं साल आणि मशीहाची पारख

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. मध्ययुगातले ज्यू पंडित मशीहाच्या, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात त्या उद्धारक राजाच्या, आगमनाचं साल काढायचे कसे, असं तू विचारलंस. 'राशी' नावाच्या पंडिताचाच हिशेब घे. फ्रान्समधल्या त्रॉय गावचा हा भाष्यकार ११०५ साली वारला.

बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथात आठव्या अध्यायात 'संध्याकाळ-सकाळ २३००' असं आहे. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असतं. 'एरेव' (संध्याकाळ) ७०+२००+२, म्हणजे २७२. 'बोकेर' (सकाळ) २+१००+२००, म्हणजे ३०२. दोन्हींचे ५७४ या २३०० मध्ये मिळवले की २८७४.

आता दुसऱ्या बाजूने ये. ज्यूंच्या पूर्वजांचा इजिप्तमधला मुक्काम २१० वर्षं, तिथून निघाल्यापासून जेरुसलेमचं मंदिर उभं राहीपर्यंत ४८०, पहिलं मंदिर ४१०, बॅबिलोनचा बंदिवास ७०, दुसरं मंदिर ४२०: एकूण १५९०. राशीच्या मते दुसऱ्या मंदिराच्या विध्वंसाच्या सहा वर्षं आधीच तिथला नित्याचा बळी बंद पडला, म्हणून ६ वजा. त्यात बाराव्या अध्यायातले, बळी बंद पडल्यापासूनचे १२९० 'दिवस' वर्षं मानून मिळव. पुन्हा २८७४! इजिप्तला गेले ते ज्यू कालगणनेत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या २२३८ साली; त्यात २८७४ मिळवून ५११२, इसवी सन १३५२.

ताळा जुळतो, पण पायाच कच्चा आहे. दुसरं मंदिर प्रत्यक्षात ५८० वर्षांहून अधिक काळ उभं होतं. शिवाय मोजणी कुठून सुरू करायची हे ज्याच्या त्याच्या हातात. तेराव्या शतकातल्या नाखमानिदेस या पंडिताने मोजणीची सुरुवात म्हणून बळीऐवजी विध्वंस धरला. लगेच सहा वर्षं सरकून १३५८ आलं, आणि १२९० ऐवजी त्याच अध्यायातले १३३५ दिवस घेतले की १४०३. प्रत्यक्षात १३४८-४९ मध्ये, महामारीचा दोष माथी मारून, युरोपात ज्यूंच्या वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या. असे हिशेब करणाऱ्यांना तालमुदने, ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चांच्या ग्रंथाने, शाप दिला आहे. साल उलटून गेलं की लोक म्हणतात, आता तो येतच नाही. मला हे भय अगदी खरं वाटतं.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू विचारवंताने साल सोडून कसोटी दिली, आणि माझ्या मते मोलाचं काम ते. दाविद राजाच्या घराण्यातला राजा तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकतो, पाळतो, इस्राएलला म्हणजे ज्यू लोकांना त्या वाटेवर आणतो, लढाया लढतो: तेवढ्यावर तो फक्त 'मशीहा असावा'. तो जिंकला, मंदिर त्याच्या जागी बांधलं, पांगलेल्यांना गोळा केलं, तरच नक्की. मारला गेला तर तो नव्हे. पण ढोंगी ठरत नाही, घराण्यातल्या इतर भल्या राजांसारखाच. चमत्कार मागायचे नाहीत: रब्बी अकिवा या धर्मपंडिताने रोमविरुद्धच्या बंडाचा नेता बार कोखबा याला मशीहा मानलं तेव्हा खूण मागितली नव्हती.

तरी ११७२ च्या सुमारास, सक्तीच्या धर्मांतराने आणि एका तोतया मशीहाने येमेनचे ज्यू हादरले, तेव्हा त्यांना लिहिलेल्या पत्रात मायमोनिडीसनेच, आकडेमोडीला मनाई करून, घराण्यात चालत आलेला एक हिशेब सांगितला. मी त्याला त्याबद्दल दोष देणार नाही. त्या माणसांना धीर हवा होता.

वाचायला घेशील तेव्हा 'मिश्ने तोरा' या त्याच्या धर्मनियमांच्या ग्रंथातले राजांविषयीच्या नियमांचे शेवटचे दोन अध्याय, ११ आणि १२, आधी घे. येमेनचं पत्र त्यानंतर.

तुझा,
माधव