पापुआतल्या गावात जमीन विकत मिळत नाही, कोबी मात्र लावता येतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पापुआतल्या खेड्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण 'कवडीमोल भावात जमीन घ्या, कॉटेज बांधा, निवांत राहा' हे वाचून राहवलं नाही. त्यात संध्याकाळी पुतण्याचा फोन आला, "काका, तुम्ही तिकडे होतात ना, दहा एकर मिळेल का?" मी पापुआ न्यू गिनीतल्या डोंगराळ भागातल्या गोरोका शहरात एका कॉफी खरेदी करणाऱ्या कंपनीत हिशेब बघायला सात वर्षं होतो, त्यातली शेवटची दोन वर्षं शहराबाहेर एका गावातच राहिलो, म्हणून चार गोष्टी लिहितोय.

आधी एक दुरुस्ती, लेखात दोन देशांची खिचडी झालीय. न्यू गिनी बेटाचा पश्चिम अर्धा भाग इंडोनेशियाचा, तिकडे आतल्या डोंगरात जायचं तर पोलिसांकडून 'सुरत जालान' म्हणजे प्रवासाचा परवाना काढावा लागतो. पूर्वेचा अर्धा म्हणजे पापुआ न्यू गिनी, 16 सप्टेंबर 1975 ला ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झालेला देश, तिथे किना आणि तोया हे चलन चालतं. मी बोलतोय ते ह्या दुसऱ्याबद्दल.

तर जमीन. ह्या देशातली जवळजवळ 97 टक्के जमीन परंपरेने त्या त्या कुळाची आहे, एका माणसाची नाही आणि सरकारचीही नाही. सातबारा वगैरे काही नाही, हद्द म्हणजे ओढा, एखादा मोठा दगड नाहीतर तांगेत नावाचं लांब पानांचं झुडूप आणि ते कुणाच्या आजोबांनी लावलं हे आठवणारी दोन म्हातारी माणसं, बस. परदेशी माणसाला ही जमीन विकत घेता येत नाही, कायद्यातच नाही. फार तर सरकारने कुळाकडून भाड्याने घ्यायची आणि मग तुम्हाला भाड्याने द्यायची असा उलटसुलट मार्ग आहे. पण त्याच मार्गाने शेती आणि धंद्याच्या नावाखाली पन्नास लाख हेक्टरच्या वर जमीन मोठमोठ्या लीजमध्ये गेली, कित्येक ठिकाणी गावाला पत्ताच नव्हता आणि शेतीऐवजी जंगलतोड झाली, शेवटी 2011 मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. तेव्हापासून 'लीज' म्हटलं की गावातली माणसं कान टवकारतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

हे कागदावरचं झालं, मला कळलं ते कोबीमुळे. गावात ज्याच्या अंगणात मला खोली बांधून दिली होती तिथे मागे थोडी मोकळी जागा होती, म्हटलं चार अॅव्होकाडोची रोपं लावू, तिकडे त्याला 'बटा' म्हणतात आणि येतंही मस्त. खड्डे खणायला घेतले तर घरमालकाचा म्हातारा बाप काठी टेकत आला, खड्ड्याकडे बघितलं, रोपांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, कोबी लाव. मला वाटलं झाडं तिथे जगणार नाहीत म्हणून सांगतोय. मग त्याच्या मुलाने समजावलं, कोबी तीन महिन्यात खाऊन संपतो, झाड राहतं, आणि ज्याने झाड लावलं त्याचं त्या जमिनीवर काहीतरी राहिलं असा अर्थ होतो. उद्या तू निघून गेलास आणि तुझ्या नावाने कुणी फळं तोडायला आलं की भांडण. कॉफीची झाडं लावणं हा तर सरळ हक्क सांगण्याचाच प्रकार, म्हणून हद्दीची भांडणं पेटली की पहिल्यांदा समोरच्याची कॉफी तोडतात. मी कोबी लावला. छान आला, सांगायचं तर.

आता इन्व्हेस्टमेंट. परदेशी माणसाला तिथे धंदा करायचा असेल तर इन्व्हेस्टमेंट प्रमोशन अथॉरिटीचं सर्टिफिकेट लागतं, ते लेखात कुठेच नाही. मी धंदा केला नाही, पण घरमालकाला ट्रेड स्टोअर टाकायला 4,000 किना उसने दिले. ट्रेड स्टोअर म्हणजे पत्र्याची खोली आणि समोर जाळीची खिडकी, तांदूळ, डब्यातले मासे, नूडल्स, मीठ, साबण, बॅटऱ्या, संपलं. मी हिशेबनीस माणूस, दोन वह्या करून दिल्या, एक मालाची आणि एक दिनावची. दिनाव म्हणजे उधारी. खिडकीवर पाटीपण लावली, 'दिनाव उद्या'. चौथ्या महिन्यात फळीवर सहा साबण आणि बॅटऱ्यांची एक पेटी उरली होती आणि दिनावची वही भरून दुसरी सुरू झालेली.

मी चिडलो, खोटं कशाला बोलू. मग एका संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून वही नावानिशी वाचली. निम्मी वही एकाच आठवड्याची निघाली, त्याच्या चुलत्याचं हाउस क्राय होतं तेव्हाची. कुणी गेलं की सगळे नातेवाईक जमतात, आठवडा आठवडा मुक्काम असतो, रडणं, जेवणं, आणि येणारा काहीतरी घेऊन येतो, डुक्कर, तांदळाची पोती, पैसे. दुकान घरात असताना दुकानदाराने पोतं आणलं नाही तर त्याने तोंड कुठे दाखवायचं? वनटोक म्हणजे एक बोली बोलणारे, आपली माणसं, ह्या एका शब्दावर तो देश चालतो, आठशेच्या वर भाषा आहेत तिथे. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, आणि ज्याला दिलं तो कधीतरी परत करतो, पण वहीतल्या तारखेला नाही, तुमच्या घरी कुणी गेलं की. हिशेब पक्का असतो हो त्यांचा, फक्त वही नसते. त्या 4,000 पैकी मला 650 किना परत मिळाले, आणि पुढे मी मलेरियाने पडलो तेव्हा बारा दिवस रोज कुणीतरी काउकाउ (रताळं) आणि पाला उकडून आणून देत होतं, ते कुठल्या खात्यावर टाकायचं मला अजून समजलेलं नाही.

तरीही पैसा घालायचाच असेल तर कॉफीत अर्थ आहे, जमिनीत नाही. लोक स्वतःची लाल फळं तोडतात, हाताने फिरवायच्या पल्परमधून (फळाचा गर काढून बी वेगळी करणारं यंत्र) काढतात, ताडपत्रीवर वाळवतात आणि रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला विकतात. गावात चांगले पल्पर नाहीत, वाळवायला जागा नाही, दुपारी पाऊस आला की माल भिजला, आणि 2017 पासून बेरी बोरर किडीचा त्रास आहे तो वेगळाच. तिथे कोणी चांगला माल चांगल्या भावाने घ्यायची सोय केली तर लोक स्वतः चालत येतात. पण रस्ता बघून ठेवा. राजधानी पोर्ट मोर्सबीपासून गोरोकाला गाडीरस्ताच नाही, विमानानेच जायचं. माल जातो तो हायलँड्स हायवेने खाली लाए बंदराला, आणि दरड कोसळली की ट्रक जिथल्या तिथे.

फिरायला जायचं असेल तर मात्र जरूर जा, ह्या बाबतीत तुमच्या लेखकाशी मी सहमत आहे. हॉटेल सोडून गावातल्या गेस्टहाउसमध्ये राहिलात तर पैसे त्याच गावात राहतात. फोटो काढण्याआधी विचारा. अंधार पडला की फिरू नका, आणि डोंगराळ प्रांत सगळे एकसारखे नाहीत, काही भागात टोळ्यांच्या लढाया बंदुकीने होतात, फेब्रुवारी 2024 मध्ये एंगा प्रांतात एका दिवसात डझनावारी माणसं मेली, तेव्हा कुठे जायचं ते स्थानिक माणसाला विचारूनच ठरवा. गोरोका साधारण 1,600 मीटरवर आहे, रात्री स्वेटर लागतो. बाजारात सुपारी मिळेल, बुआई म्हणतात, हिरवी, चुना वेगळा आणि पानाऐवजी वेलीची शेंग. आपण सुपारी खाणारी माणसं म्हणून फुशारकीने तोंडात टाकू नका, मी टाकली होती, पहिल्या दहा मिनिटात घाम फुटून खाली बसलो आणि आजूबाजूच्या बायका हसून हसून दमल्या.

पुढच्या पुरवणीत जमिनीबद्दलचा खुलासा छापावा एवढीच विनंती, कारण माझ्या पुतण्यासारखे आणखी असतील. त्याला मी सांगितलंय, मे-जूनमध्ये कॉफीच्या हंगामात जा, पावसाळी बूट घे, पंधरा दिवस रहा आणि दहा एकरचं नाव काढू नकोस. म्हणाला, मग तिथे करू काय? म्हटलं, फळं तोडायला मदत कर. आता तो तिकिटाचे दर बघतोय.

आपला,
एक जुना वाचक