खाजवणाऱ्या आणि न खाजवणाऱ्या, सगळ्याच लेकरांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

दसरा झाला, कोयते (ऊसतोडीची जोडपी) साखर कारखान्यावर गेले, लेकरं हंगामी वसतिगृहात आली. एका चादरीत तिघं झोपतात, त्यामुळे खरूजही आलीच. मंडळाला पुन्हा तुमच्या दारात यावं लागतंय.

आधी मागच्या वर्षीचं. मोंढ्यातल्या आडत्यांनी हमालांसकट वर्गणी काढून औषध आणलं. पेठेतल्या कापडवाल्या शेठजींनी चादरींचा गठ्ठा न मागता पाठवला आणि नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. पण अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. निवृत्त गुरुजींनी पेन्शनमधून रक्कम तर दिलीच, शिवाय रात्री थांबून लेकरांच्या बोटांच्या बेचक्यात स्वतः मलम लावलं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तपासणीची फी कधीच घेतली नाही. बचतगटाच्या ताईंनी पातेली भरभरून पाणी तापवून कपडे उकळून दिले. ही माणसं आहेत म्हणून मंडळ आहे.

तरीही खरूज उलटली. कारण सांगताना थोडं लागतंय, पण सांगतो. बैठकीत काही जण म्हणाले, "ज्याला खाजत नाही त्याला औषध कशाला? पैसे वर आलेत का?" आणि निम्म्याच लेकरांपुरती वर्गणी जमली.

डॉक्टरसाहेबांनी समजावलं ते असं. खरजेच्या बारीक किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. खाज तिच्या चावण्याची नसते. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं शरीर उठतं, त्याची ती खाज. पहिल्यांदा लागण झाली तर शरीराला हा पाहुणा ओळखायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर लेकरू हसतंखेळतं असतं आणि शेजारच्याला किडा देत असतं. दुसऱ्यांदा मात्र शरीर तयार असतं, एक ते चार दिवसांत कंड सुटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात शेफिल्डला मेलनबी नावाच्या शास्त्रज्ञाने स्वयंसेवकांना मुद्दाम लागण करून हे पडताळलं होतं. एवढं होऊनही कायमची प्रतिकारशक्ती येत नाही आणि लसही नाही. साध्या खरजेत अंगावर जेमतेम दहा-पंधरा किडे असतात. शरीर थकलेलं असेल, प्रतिकारशक्ती खचलेली असेल, तर तेच हजारो-लाखो होतात, पापुद्रे धरतात आणि खाज कधी कधी जाणवतही नाही. म्हणून वसतिगृहातल्या लेकरांबरोबर घरी राहिलेले आजी-आजोबाही आपल्या यादीत आहेत.

आणखी एक. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, कारण मेलेला किडा कातडीतच असतो आणि शरीर त्याच्याशी भांडत राहतं. त्यावरून "मंडळाने खोटं औषध वाटलं" असं चावडीवर बोललं गेलं. बोलणाऱ्यांनी एकदा येऊन पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या की त्यातले जंतू मूत्रपिंडापर्यंत त्रास देतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली खरूज दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातली. दुर्लक्ष म्हणजे काय, ते आम्हाला वेगळं सांगायला नको.

यंदा सगळ्यांना एकाच रात्री औषध लावायचं आहे, आठवड्याने पुन्हा एकदा. हवं ते : परमेथ्रिन 5 टक्के मलम (मोठ्या माणसाला एका वेळी 30 ग्रॅमची एक ट्यूब धरा, दोन वेळा लागते; बिल जोडा, मुदत पाहून घ्या), कपडे धुण्याचा साबण, चादरी, सरपण, शनिवारी रात्री थांबणारी माणसं (मुलींकडे बायका). खरजेवरच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नका. गरोदर बाया आणि तान्ह्या लेकरांचं डॉक्टर पाहतील. रोख रक्कम खजिनदारांकडेच, पावती घेऊन. वस्तू मंडळाच्या खोलीवर सायंकाळी सहानंतर, शुक्रवारपर्यंत.

आपला,
सचिव

ता. क. : वापरलेल्या चादरी चालतील, पण उकळून द्या. ते जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. अंगाबाहेर किडा त्याहून जास्त सहसा टिकत नाही.