पणजीच्या बायबलचं पहिलं पान

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या गोड नावात दोघांना सलाम.

आई, गुडघ्याला शेक देतेस ना? पट्टा लावल्याशिवाय देवळाच्या पायऱ्या चढू नकोस. बाबा, तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील, मी येताना घेऊन येते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दोघं लगेच "जाऊ दे गं" म्हणाला असता, आणि मला हे जाऊ द्यायचं नाही. म्हणून लिहायला बसले.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं नाही. दृढीकरण होऊन मंडळीची पूर्ण सभासद झाल्यापासून, आजारपण सोडलं तर, असं कधी झालं नव्हतं. सगळे उठून पुढे गेले आणि मी बाकावर बसून राहिले. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "बरं नाही का?" मी मान हलवली. तीही खोटीच.

त्याआधी तीन आठवडे देवळाच्या कमिटीची बैठक झाली होती. जालन्याकडून आलेलं ते कुटुंब आठवतं? आई, ईस्टरला तू इथे होतीस, तेव्हा पहाटेच्या भक्तीनंतर अंधारात तुझा हात धरून ज्यांनी तुला पायऱ्या उतरवल्या, ते. शाळेची व्हॅन चालवतात. दोन वर्षं झाली त्यांना येऊन. रविवारी सगळ्यांच्या आधी तासभर येतात, खुर्च्या पुसतात, दऱ्या घालतात, पेटीचा भाता नीट चालतो का बघतात. नारायण वामन टिळकांची भजनं त्यांच्या तोंडून ऐकावीत! आमच्याकडची तरुण मुलं गिटारवर गातात, तीही छानच गातात, पण हे टाळ हातात घेतात तेव्हा मला तुमच्या अंगणातल्या प्रार्थना आठवतात. पाळकसाहेबांनी त्यांचं नाव कमिटीसाठी सुचवलं. मला वाटलं, एका मिनिटात मंजूर होईल.

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "माणूस चांगला आहे, प्रश्नच नाही. पण मूळचे कुठले, कुणाकडचे, ते जरा बघायला हवं."

बाबा, 'मूळचे' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या खोलीत कुणालाच सांगायला नको होतं. आमच्यापैकी बहुतेकांचे पणजोबा महारवाड्यातून आले, दोन-चार घरं मराठ्यांची, आणि ह्यांचे आजोबा मांगवाड्यातले. दोन वाड्यांच्या मधे गावात जो ओढा होता, तो शंभर वर्षांनी पुण्यातल्या टेबलावरून वाहताना मी पाहिला. कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेब नवे आहेत, ते कागद चाळत राहिले. सेक्रेटरी म्हणून इतिवृत्त मी लिहीत होते. मी लिहिलं, "सदर विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला." एवढंच. स्वच्छ अक्षरात, खाली सही करून.

बँकेत एखाद्या म्हातारीचा अंगठा चुकीच्या रकान्यात उमटला तर मी साहेबांशी भांडते. तिथे माझी जीभ चालते. देवळाच्या खोलीत चालली नाही.

त्या रात्री मला पणजी आठवली. तिला मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की पाहिल्यासारखीच आहे. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेली पाच-सहा वर्षांची पोर. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंकडे वाढली. गावाचं नाव विचारलं तर नुसती "नदी" म्हणायची, बापाचं नाव विचारलं तर "बापा". तिचं मूळ तिलाच ठाऊक नव्हतं, आणि रमाबाईंनी ते शोधायला कुणाला पाठवलं नाही. जेवायला बसवलं, पाटी दिली, मोठी झाल्यावर छापखान्यात खिळे जुळवायला लावलं. हिब्रू आणि ग्रीकवरून बाई स्वतः मराठी बायबल लिहीत होत्या आणि मुक्तीतल्या बायका ते छापत होत्या. बाई 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघालं. तोवर पणजी लग्न होऊन राहुरीकडे आली होती, पण तिने एक प्रत मागवून घेतली. त्यातली काही पानं आपल्या हातची आहेत असं ती शेवटपर्यंत सांगायची, खरं ना? लहानपणी मी ती पानं शोधत बसायचे, जणू शाईत तिच्या बोटाचा ठसा सापडणार होता.

त्या बाईची पणती मी. आणि कुणीतरी एका माणसाचं मूळ विचारलं तेव्हा मी मान खाली घालून तारीख लिहीत होते.

प्रभुभोजनाच्या त्या रविवारी बाकावर बसल्या बसल्या मला तुमचे ओले बूट दिसले, बाबा. मी तेव्हा सातवीत होते. श्रावणातला पाऊस लागला होता. दानार्पणाचं गीत सुरू होतं आणि तुम्ही मधूनच उठून निघून गेलात. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तुम्ही तडक काकांच्या वस्तीवर गेला होतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वर्षभर बोलणं बंद होतं. वेदीपाशी दान ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये, हे प्रभूचं वचन त्या दिवशी वाचण्यात आलं होतं, आणि तुम्हाला ते दुपारपर्यंत थांबवेना. परत आलात तेव्हा भक्ती संपून गेली होती. अंगातून पाणी निथळत होतं. पाळकसाहेब म्हणाले, थांबा, तुमच्यासाठी भाकर आणि प्याला पुन्हा काढतो. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. पुढच्या महिन्यात घेईन."

काकांनी त्या दिवशी दारसुद्धा उघडलं नव्हतं, हे आईने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तुम्ही ओसरीवर उभं राहून माफी मागितलीत आणि वळलात. पाळीचा तंटा पुढे वर्षभराने सुटला.

प्रभुभोजनाच्या त्या रविवारी संध्याकाळी मी जालन्याकडच्या त्या कुटुंबाच्या घरी गेले. खोली लहान, पण भिंतीला पेटी उभी करून ठेवलेली. वहिनींनी चहा टाकला. मी बैठकीत काय झालं ते सांगितलं. कोण बोललं ते नाव घेतलं नाही, पण मी गप्प बसले होते ते सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, आम्हाला अंदाज आला होता. हे काही पहिल्यांदा नाही." इतक्या सौम्यपणे म्हणाले की मला रडू आलं, आणि रडू आल्याचीही लाज वाटली, कारण आता तेच मला पाणी देत होते.

वहिनी मात्र चुलीपाशीच उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "वहीत काय लिहिलंत मग?"

आई, ह्या एका प्रश्नापुढे माझी सगळी माफी उघडी पडली. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलाच्या दाखल्यासाठी तहसीलला गेलो, तिथे मूळ विचारलं. ते सांगितलं. तिथे पोराचा हक्क आहे. देवळात कशाला हवं?" पुढे काही बोलल्या नाहीत. चहा दिला, साखर बरोबर होती का ते विचारलं. पण माझ्याकडे बघितलं नाही. अजूनही रविवारी त्या सलाम करतात आणि पुढे जातात. तो त्यांचा हक्कच आहे. मी वाट बघते.

कालच्या सभेत सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचायचं होतं. मी उठून म्हणाले की इतिवृत्त अपुरं आहे, दुरुस्ती करायची आहे. आणि जे वाक्य बोललं गेलं होतं ते नाव न घेता, जसंच्या तसं वाचलं. खाली लिहून आणलं होतं, "ह्या प्रश्नाला कुणीही हरकत घेतली नाही. सेक्रेटरीनेही घेतली नाही." हात थरथरत होता. पणजीचंही सांगितलं. म्हटलं, मूळ बघायचं असेल तर आधी माझं बघा, माझ्याकडे एका बाजूला नुसती एक नदी आहे.

ज्येष्ठ सभासद चिडले. वहीत अशा गोष्टी लिहीत नसतात म्हणाले, आणि उठून गेले. वाईट वाटलं. माझ्या बाळंतपणात आठवडाभर ज्यांच्या घरून डबा आला ते हेच काका आहेत, हे मी विसरू शकत नाही. पाळकसाहेबांनी नाव मताला टाकलं. दोघांनी हात वर केले नाहीत, बाकी सगळ्यांनी केले. मंजूर झालं. आज सकाळी काका आले नव्हते. उद्या बँकेतून परस्पर त्यांच्याकडे जाणार आहे. दार उघडतील की नाही माहीत नाही.

बाबा, नोव्हेंबर 1970 मध्ये तुम्ही तेवीस वर्षांचे असताना नागपूरला गेला होतात, सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली तेव्हा. अनोळखी भाषांच्या माणसांबरोबर एका पंगतीला बसून जेवलो, हे तुम्ही आजही डोळ्यांत पाणी आणून सांगता. मी लहान असताना विचारलं होतं, "मग त्यानंतर भांडणं संपली का?" तुम्ही म्हणाला होतात, "पंगत रोज मांडावी लागते." तेव्हा मला वाटलं होतं की तुम्ही जेवणाबद्दलच बोलताय.

आई, तुझा तो डबा अजून आहे का? रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी मूठभर ज्वारी बाजूला टाकायचीस तो? प्रार्थना करताना कधी तू मोठ्याने काही मागितलेलं मला आठवत नाही, पण मुठीचा आवाज आठवतो. नाताळात करंज्यांची ताटं मुल्लाकाकांकडे आणि गुरवांकडे आधी जायची, मग आम्हाला मिळायच्या. मी इथे तसा डबा ठेवलाय. ज्वारी नसते, तांदूळ टाकते. महिन्याला चार-पाच किलो होतात. पाळकसाहेब ते ज्यांना लागतात त्यांच्याकडे पोचवतात, कुणाकडे ते मी विचारत नाही.

एक काम आहे. पणजीच्या बायबलच्या पहिल्या पानाचा फोटो काढून पाठवायला धाकट्याला सांगा. ज्या पानावर तिने स्वतःचं नाव लिहिलंय आणि पुढे वडिलांच्या नावाची जागा कोरी सोडलीय, ते. वहिनींना दाखवायचं आहे. त्या बघतील असं वाटतं. नाही बघितलं तरी माझ्याजवळ राहील.

कापणीच्या सणाला मी नक्की येते. लिलावात ह्या वेळी आईच्या दुधीवर मीच बोली लावणार, बाबा, तुम्ही चढवू नका. आणि येताना काकांच्या वस्तीवरही जाऊन येऊ, त्यांचं ऑपरेशन झाल्यापासून भेटले नाही.

माझ्यासाठी प्रार्थना करा. उद्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला, मी त्या ज्येष्ठ सभासदांच्या दारात असेन तेव्हा.

तुमची,
ताई