वेगाची पट्टी वाचायला शिकवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षांचा अभ्यास सोलापुरात राहून करीत असताना, जुळे सोलापुरातील आपल्या घरी बसवून आपण मला कॉकपिटमधील वेगदर्शक वाचायला शिकवलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 मध्ये प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाल्यापासून शहरातील अनेक मुले याविषयी विचारू लागली आहेत, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

आपण आलेखाच्या कागदाची उभी पट्टी कापून तिच्यावर आकडे लिहिलेत, पुठ्ठ्याला खिडकी पाडून पट्टी तिच्यातून ओवलीत आणि मधोमध एक काळी चौकट चिकटवलीत. जुन्या गोल तबकडीत काटा फिरतो आणि आकडे जागेवर राहतात. नव्या कॉकपिटमधील पडद्यावर डाव्या बाजूला असलेल्या वेगाच्या पट्टीत चौकट स्थिर असते आणि आकडे सरकतात. मोठे आकडे वर असल्यामुळे वेग वाढला की पट्टी खाली येते. नवख्याला हे उलटे वाटते. पण पट्टी स्वतःच्या हाताने ओढून पाहिली की शंका उरत नाही.

“आकडा नंतर वाच, आधी तो कोणत्या रंगाशेजारी आहे ते बघ,” असे आपण वारंवार सांगत होता. प्रशिक्षणाच्या सेसना 172 विमानात पांढरा पट्टा फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण उघडे ठेवता येतील तो वेग दाखवतो, हिरवा नेहमीचा, पिवळा फक्त शांत हवेतला, आणि 163 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ओलांडू नये अशी लाल मर्यादा येते. पट्टीलगतची जांभळट गुलाबी रेघ मला सर्वांत मोलाची वाटते. वेग याच गतीने बदलत राहिला तर सहा सेकंदांनी तो किती असेल, हे ती दाखवते. उतरताना चौकटीत 65 असले आणि रेघ 55 पर्यंत खाली गेलेली असली, तर इंजिनाची ताकद आत्ताच वाढवायला हवी. आकडा घसरेपर्यंत थांबायचे नाही.

हा वेग जमिनीवरचा नसतो, हेही आपण घाई न करता पटवून दिलेत. पिटो नळीत समोरून शिरणारी हवा आणि बाजूच्या छिद्रातील स्थिर हवा यांच्या दाबातील फरकावरून तो काढला जातो. म्हणूनच 35,000 फुटांवरील विरळ हवेत पट्टी सुमारे 260 नॉट दाखवते, तेव्हा विमान हवेतून प्रत्यक्षात 440 नॉटच्या आसपास जात असते. पंखाला मिळणारी उचल त्या दाबावर अवलंबून असल्यामुळे वैमानिकाला पट्टीवरचा वेगच अधिक उपयोगी पडतो.

1 जून 2009 रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए-330 च्या पिटो नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे विश्वासार्ह राहिले नाहीत, आणि त्यानंतरच्या घटनाक्रमात 228 जणांचे प्राण गेले. तो प्रसंग सांगताना आपण पुस्तक मिटून बाजूला ठेवलेत, आणि आकड्यावर शंका आली की विमानाच्या नाकाचा कोन व इंजिनाची ताकद ठरलेल्या मापावर ठेवायची, हे मला पाठ होईपर्यंत वदवून घेतलेत.

पुठ्ठ्याची ती पट्टी मी प्रशिक्षणाला सोबत नेली आहे. एअरबसमध्ये अशीच रेघ दहा सेकंदांपुढचा वेग दाखवते आणि खालच्या मर्यादेचे रंग वेगळे असतात, असे आपण म्हणाला होता. ती दुसरी पट्टी तयार करण्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत, आपली सवड असल्यास, मी पुन्हा येईन.

आपली कृतज्ञ,
एक प्रशिक्षणार्थी वैमानिक, सोलापूर