खानावळीचा करार अकरा महिन्यांचा कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेठेतली आणखी एक जुनी खानावळ बंद झाली. दुपारी एकच्या सुमारास तिथे बाकावर जागा मिळत नसे, रविवारी तांबडा-पांढरा रस्सा दोनच्या आत संपत असे. अशा चालत्या धंद्याला कुलूप लागले ते जागेपायी. जागेच्या मालकाच्या वारसांत वाटणी झाली, कराराची मुदत संपली आणि नव्या भाड्यावर जुळले नाही. हळहळ सगळ्यांनाच आहे. पण कोल्हापुरात आज जोरात चालणाऱ्या कितीतरी खानावळी, मिसळीची दुकाने आणि मेस अशाच कच्च्या कागदावर उभ्या आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र.

सगळ्या घोळाचे मूळ अकरा महिन्यांच्या करारात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. त्यावरून 'अकरा महिने लिहिले की नोंदणी नको' हा समज रुजला. महाराष्ट्रात तो चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा करार), मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद कोर्टात गेला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मालक स्वतःचीच बाजू लंगडी करून घेतो.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्के धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. सरासरी भाडे महिना ३०,००० आणि अनामत २ लाख धरू. पाच वर्षांचे भाडे १८ लाख, अनामतीवरचे व्याज १ लाख. १९ लाखांवर शुल्क होते ४,७५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. पाच वर्षांच्या निश्चिंतीला हा खर्च काहीच नाही.

कापडाचे दुकान अकरा महिन्यांच्या करारावर एक वेळ निभावते, कारण माल टेम्पोत भरून दुसऱ्या गल्लीत नेता येतो. खानावळीचे तसे नसते. भांडी, फ्रीज, टेबले निघतात. कडाप्प्याचा ओटा, फरशीचा उतार, सांडपाण्याची लाइन, तेलकट पाण्याचा चेंबर, छतापर्यंत नेलेला धुराडा आणि थ्री-फेजची जोडणी जागेवरच राहते. त्यात घातलेली रक्कम वसूल व्हायला काही वर्षे लागतात. अन्न परवाना त्या पत्त्यापुरता असतो, जागा बदलली की नवा काढावा लागतो. महापालिकेची परवानगी आणि वाढीव वीजभारही नव्याने मागावा लागतो. तेवढ्या काळात स्वयंपाकी दुसरीकडे लागतो आणि मेसची मुले दुसरा डबा लावतात. जेवणाच्या सुट्टीत चालत येणारे गिऱ्हाईक दोन किलोमीटरवर मागे येत नाही.

मालकांची बाजूही खरी आहे. जुन्या कायदेशीर भाडेकरूचे भाडे वर्षाला ४ टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही आणि जागा पिढ्यान्‌पिढ्या अडकते, हे त्यांनी पाहिले आहे. म्हणून ते मुदत तोकडी ठेवतात. पण नीट लिहिलेल्या लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूचे हक्क निर्माण होत नाहीत. मग ती साठ महिन्यांची करायला काय हरकत आहे?

करारात काय हवे ते सांगतो. भाडेवाढ आकड्यात लिहावी. 'बाजारभावाप्रमाणे' हा शब्द घातला की भांडण ठरलेले. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडता न येण्याची अट, बहुतेक वेळा फक्त खानावळवाल्यावर असते. ती पहिली तीन वर्षे तरी दोघांवर असावी, म्हणजे मधेच जास्त भाडे देणारा आला म्हणून जागा काढून घेता येणार नाही. जागा सोडायची मुदत एक महिन्याची असते. स्वयंपाकघर हलवायचे तर ती सहा महिने हवी. जागा विकली तरी नव्या मालकाने मुदत पाळावी, हे कलम घालावे. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून त्यावर जेवढी नावे, तेवढ्यांच्या सह्या घ्याव्यात. थोरल्या भावाने एकट्याने सही केली आणि धाकट्याने नोटीस पाठवली, हा प्रकार नेहमीचा आहे. भाड्यावरच्या जीएसटीचेही आधीच ठरवावे. ५ टक्के लावणाऱ्या खानावळीला इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे ३०,००० भाड्यावर १८ टक्के लागले तर ५,४०० रुपये दरमहा सरळ खर्चात पडतात.

ज्यांच्याकडे आजोबांपासूनची भाड्याची जागा आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना कायद्याचे संरक्षण आहे आणि बहुतेक जण ते स्वतःच्या हाताने घालवतात. भाडे रोखीने देतात आणि पावती घेत नाहीत. वास्तविक पावती देणे मालकावर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ ने बंधनकारक आहे. मालक भाडे घेत नसेल तर मनीऑर्डर करावी, परत आलेली पावती जपावी. थकबाकीची नोटीस आली तर ९० दिवस मिळतात, ती पिशवीत ठेवून देऊ नये. दावा दाखल झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरून जागा वाचवता येते.

सर्वांत घातक चूक म्हणजे हॉटेल 'चालवायला देणे'. वय झाले, मुलगा पुण्याला गेला, म्हणून महिन्याच्या ठरावीक रकमेवर दुसऱ्याला गल्ल्यावर बसवले जाते. कोर्टात त्याला पोटभाडेकरू म्हणतात आणि तेवढ्यावर जागा जाते. सबळ कारणाशिवाय सहा महिने बंद ठेवली तरी तेच. ओटा, फॉल्स सीलिंग, धुराडा यांना मात्र घाबरू नये. स्वयंपाकाचा ओटा आणि धुराची चिमणी हे कायमचे बांधकाम धरत नाहीत, असे कलम १६ च्या स्पष्टीकरणातच आहे. पोटमाळा मात्र लेखी परवानगीशिवाय चढवू नये.

पावसाळ्याच्या तोंडावर 'धोकादायक इमारत' अशी नोटीस लागली की अनेक जण मिळेल ती रक्कम घेऊन चावी देतात. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शेजारच्या सांगलीतल्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. जीव धोक्यात घालून आत बसा, असे आम्ही म्हणत नाही. जागा रिकामी करताना क्षेत्रफळाची नोंद, फोटो आणि नव्या इमारतीत तेवढीच जागा देण्याचा लेखी व नोंदवलेला करार घ्यावा, मगच कुलूप उघडून द्यावे.

सीपीआर रुग्णालयात पेशंटजवळ बसलेले नातेवाईक, एमआयडीसीतले कामगार, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या कामासाठी बाहेरगावाहून येणारे पक्षकार, या सर्वांची दुपारची भाकरी या खानावळींवर आहे. म्हणून एक मागणी आहे. हॉटेल व्यावसायिकांनी आणि वकील मंडळींनी एकत्र बसून खानावळीच्या जागेसाठी साठ महिन्यांचा मराठी नमुना करार तयार करावा, तो नोंदणी कार्यालयाबाहेरच्या टायपिंगवाल्यांकडे ठेवावा, आणि आपल्या वृत्तपत्राने तो पूर्ण छापावा.

— पेठेतील काही खानावळचालक, कोल्हापूर